एकाला एक गोळी, दुसऱ्याला तीन : एच.आय.व्ही.च्या औषधांविषयी थोडेसे



या पानावर आपण आजवर आमच्याकडून बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी हेच विषय वाचत आला आहात. औषधांवर लिहिण्याचा आमचा अधिकार म्हणाल तर तो फवारणीच्या औषधांपुरता. पदविका शेतकीची, नोकरी ऊस विकासाची. तरीही या अंकात माणसांच्या औषधांवर लिहीत आहोत. तसे कारण घडले आहे, आणि त्यात चूक आमची आहे, म्हणून ते आम्हीच सांगितलेले बरे.

एका हंगामातली गोष्ट. कोणता गट, कोणता फड, हे सांगणार नाही. का ते पुढे कळेलच. कळमनुरी तालुक्यात इसापूरच्या कालव्यावर ऊस वाढला तशा तोडणीच्या टोळ्याही वाढल्या. त्यातल्या एका टोळीत दोन मेहुणे होते, दोघेही जोडीने कोयत्यावर. एका सकाळी फडमालक सभासदांचा फोन आला, "साहेब, टोळीतल्या एकाचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसतेत. कावीळ आहे. मी त्याला माझ्या विहिरीवर पाणी भरू देणार नाही." आम्ही मोटारसायकल काढली आणि फडावर गेलो. माणूस मोळ्या बांधत होता. अंगात ताप नाही, भूक चांगली, कामाला वाघ. पण डोळे मात्र खरोखरच पिवळे. औषध काही चालू आहे का, असे विचारल्यावर त्याच्या बायकोने गाठोड्यातून एक पिशवी काढली. आत गोळ्या आणि एक हिरवी पुस्तिका.

फवारणीच्या बाटलीवरचे नाव शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आमची वीस वर्षांची सवय. त्या सवयीने आम्ही पुस्तिकाही मोठ्याने वाचली. भोवती ट्रॅक्टरवाला, मुकादम, चिटबॉय आणि निम्मी टोळी उभी होती. वाचून संपायच्या आत आपण काय केले ते आमच्या ध्यानात आले, पण शब्द तोंडातून गेले ते गेलेच. सांजेपर्यंत शेजारच्या टोळीने आपल्या घागरी वेगळ्या केल्या. फड दोन दिवस उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दोघा मेहुण्यांना बाजूला घेऊन बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. दुसऱ्या मेहुण्यालाही तीच बाधा होती. ती आजवर कोणाला ठाऊक नव्हती, कारण त्याला दिवसाला एकच गोळी, ती तो चूळ भरताना घेई, आणि त्याचे डोळे कधी पिवळे झाले नाहीत. पिवळ्या डोळ्यांच्या मेहुण्याने आम्हाला विचारले, "सायेब, याला एक गोळी अन् मला तीन. मला हालकं औषध देतेत का?" आणि पुढे म्हणाला, "त्याची बाटली सरत आली, तर म्या त्याला माझ्यातल्या चार गोळ्या देऊ केल्या. रोग एकच हाय, मंग काय झालं?"

या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्याजवळ नव्हती. दोघांना घेऊन आम्ही एआरटी केंद्रावर गेलो. एआरटी म्हणजे विषाणूविरोधी औषधोपचार, तो सरकारी केंद्रांतून मोफत मिळतो. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी दोघांना एकेकट्याने आत घेतले आणि आम्हाला बाहेर बसवले. (ते पाहूनच अर्धा धडा आम्हाला मिळाला.) नंतर दोघांच्या परवानगीने त्यांनी आम्हाला औषधांची ओळख करून दिली. त्यानंतर आम्ही जे वाचले, विचारले आणि समजून घेतले ते आमच्या भाषेत पुढे देत आहोत.

कलम करणारा विषाणू

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशींवर बसतो. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. विषाणू आत शिरतो आणि तीन कामे करतो. आधी तो आपल्या मजकुराची नक्कल पेशीला समजेल अशा लिपीत उतरवतो. मग ती नक्कल पेशीच्या मूळ साखळीत कलम करतो. एकदा कलम जमले की पेशी त्यालाच आपले समजून पोसू लागते. शेवटी जो माल तयार होतो त्याचे तुकडे योग्य जागी कापून नवे विषाणू उभे करतो. या तिन्ही ठिकाणी अडवणारी औषधे आहेत. कलम जमलेल्या पेशींपैकी काही वर्षानुवर्षे झोपून राहतात. त्यामुळेच औषधाने विषाणू दबतो पण समूळ जात नाही, आणि गोळी जन्मभर घ्यावी लागते.

नक्कल उतरवताना हा विषाणू फार चुका करतो, आणि त्याची ताकद त्या चुकांतच आहे. चुकांमधून एखादा असा निपजतो की ज्याच्यावर औषध चालत नाही. मग तोच वाढतो. एकच तणनाशक दरवर्षी अर्ध्या मात्रेने मारणाऱ्या सभासदांना हे समजावून सांगायला नको. १९८७ साली झिडोव्हुडिन हे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले, पण एकट्याने ते काही महिन्यांतच निष्प्रभ होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाच्या दारातली माणसे उठून बसली. तिन्हींवर एकाच वेळी मात करणारी चूक विषाणूला सहसा साधत नाही.

आता मेहुण्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते. त्याच्या तीन गोळ्यांपैकी दोन म्हणजे झिडोव्हुडिन व लॅमिव्हुडिन यांची जोडगोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तिसरी ॲटाझानाव्हिर व रिटोनाव्हिर यांची, दिवसातून एकदा. त्यातल्या कोणत्याही चार गोळ्या उचलून दुसऱ्याला दिल्या तर देणाऱ्याची मात्रा तुटते आणि घेणाऱ्याच्या पदरात निम्मेअर्धे औषध पडते. म्हणजे दोन्ही घरांत विषाणूला शिकायला वाव. डॉक्टरसाहेब म्हणाले, बाटली संपत आली तर जवळच्या केंद्रावर जावे, पण गोळी उसनी घेऊ नये. साखर उसनी घेतात तसे हे नाही.

गेलेल्या आणि आलेल्या जाती

औषधांचा इतिहास ऐकताना आम्हाला आपल्या उसाच्या जाती आठवल्या. को ७४० ने एक जमाना गाजवला. मग को ८६०३२ आला. चोपण जमिनीत पुढे कोएम ०२६५ ने जीव धरला. जुनी जात वाईट होती म्हणून गेली असे नाही. तिने आपल्या काळात घरे उभी केली. तसेच इथे.

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. सरकारी मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला, तेव्हा देशात अवघी आठ केंद्रे होती, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांतले एक. त्या वेळच्या औषधांत स्टाव्हुडिन असे. ते स्वस्त होते, गुणही पटकन येई. पण काही वर्षांनी पायांच्या तळव्यांना मुंग्या येत, आग होई, आणि गालांची व हातापायांची चरबी झडून चेहरा खप्पड दिसे. जीव वाचला, पण चेहऱ्यावरून गावाला ओळख पटू लागली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते बंद करत जाण्याचा सल्ला दिला आणि पुढे आपल्याकडूनही ते गेले.

झिडोव्हुडिन अजून आहे. त्याची खोड अशी की काही जणांचे रक्त कमी होते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन मुळातच किती असते हे आम्ही पाहिले आहे. तिला हे औषध चालू असेल तर रक्ताची तपासणी चुकवून चालणार नाही. नेव्हिरापिन हे आणखी एक जुने औषध. त्याने काहींच्या अंगावर पुरळ उठे आणि यकृताला त्रास होई, म्हणून पहिले दोन आठवडे ते निम्म्या मात्रेने देत.

मग टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेन्झ ही तीन औषधे एकाच गोळीत आली. दिवसातून एकदा, झोपताना. मोठीच सोय झाली. पण एफाविरेन्झने डोके गरगरते, चित्रविचित्र स्वप्ने पडतात, काहींचे मन उदास होते. हा त्रास बहुतेकांना सुरुवातीचे काही आठवडे होतो. तोडणीचा माणूस पहाटे तीनला उठून गाडी भरतो. झोपेची गुंगी डोळ्यांवर आणि कोयता हातात, हे काही बरे नव्हे.

आज पहिल्या पसंतीला आहे ती डोलुटेग्राव्हिरची गोळी, म्हणजेच दुसऱ्या मेहुण्याची एक गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असते. डोलुटेग्राव्हिर कलमाच्या जागी अडवते. रक्तातला विषाणू ते लवकर खाली आणते, आणि त्याला चकवा देणे विषाणूला फार जड जाते. गरगरणे कमी. काहींची झोप उडते, त्यांना डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात. काहींचे वजन वाढते. २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशातून अशी शंका पुढे आली की गर्भ राहण्याच्या सुमारास हे औषध चालू असेल तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग येते. पुढे जास्त बाळंतपणांची नोंद झाल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्त्रियांसकट सर्वांसाठी याची शिफारस केली, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ते पहिल्या पसंतीचे ठरले.

मग पिवळ्या डोळ्यांच्या मेहुण्याला तीन गोळ्या का? त्याचे उत्तर आम्हाला चटका लावून गेले. तो पूर्वी पहिल्या फळीच्या औषधावर होता. दर हंगामात पाच-सहा महिने परमुलखात; औषध महिन्याचे, गाव दूर, मुकादमाची उचल डोक्यावर. म्हणून तो तोडणीच्या काळात औषध सोडायचा आणि गावी परतला की पुन्हा धरायचा. तीन हंगामांत विषाणू शिकला. काही वर्षांपूर्वी त्याला दुसऱ्या फळीवर घेतले गेले, आणि त्यातले ॲटाझानाव्हिर हे शेवटच्या, म्हणजे कापणीच्या टप्प्यावर अडवणारे औषध. हालके तर मुळीच नाही. त्याने रक्तातला एक पिवळा घटक वाढतो आणि डोळे पिवळे दिसतात. ती संसर्गाची कावीळ नव्हे. ती दुसऱ्याला लागत नाही, यकृताला सहसा अपाय करत नाही आणि औषध बदलले की डोळे निवळतात. (खरी कावीळ नाही ना, हे मात्र डॉक्टरांनीच तपासून ठरवायचे.) म्हणजे ज्या डोळ्यांवरून हे सारे रामायण घडले ते डोळे, माणूस औषध नियमित घेतो आहे याचीच खूण होते. आता त्याला सोपे औषध देता येईल का, हे त्याच्या तपासण्या पाहून ठरवू, असे डॉक्टरसाहेब म्हणाले.

फडावर उपयोगी पडेल असे

नवी गोळी चांगली असली तरी तिची काही पथ्ये आहेत, आणि ती आपल्या टोळ्यांच्या राहणीशी नेमकी भिडतात. पित्तासाठी चघळायच्या वा प्यायच्या ज्या औषधांत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असते, ती डोलुटेग्राव्हिरला धरून ठेवतात व अंगी लागू देत नाहीत. म्हणून गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आरोग्य केंद्रातून बायकांना मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तसेच, मात्र जेवणाबरोबर असतील तर एकत्र चालतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिची मात्रा डॉक्टरांना विचारूनच. आणि क्षयाचे औषध सुरू झाले तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे डोलुटेग्राव्हिर लवकर निघून जाते, म्हणून बारा तासांनी त्याचीच आणखी एक गोळी देतात. क्षय आणि एच.आय.व्ही. ही जोडी आपल्या भागाला नवी नाही. खोकला लांबला तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे दाखवा.

टेनोफोव्हिरची नजर मूत्रपिंडावर ठेवावी लागते. त्यासाठी क्रिएटिनिनची तपासणी करतात. आता टोळीत अंगदुखीच्या गोळ्या कशा खपतात ते आपण पाहताच. सकाळी एक, रात्री एक, आणि वर दिवसभर उन्हात पाणी कमी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा असा मारा टेनोफोव्हिरबरोबर मूत्रपिंडाला महागात पडू शकतो. किराणा दुकानातून गोळी आणण्याआधी विचारावे. शिवाय टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन यकृताच्या 'ब' काविळीवरही काम करतात. ज्याला ती कावीळ आहे त्याने ही औषधे एकाएकी सोडली तर ती उसळून येते.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. औषध लागू पडते की नाही हे अंगावरच्या तजेल्यावरून नव्हे, रक्तातल्या विषाणूंची मोजदाद करून कळते. ती सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्याला आणि पुढे वर्षातून एकदा मोफत होते. आपली माती-तपासणी सभासद टाळतात तशी ती टाळू नये.

आणि ही मोजदाद घरधनिणीसाठीही आहे. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. जगभरातल्या १,७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे दोघांपैकी एकालाच बाधा होती, तीही सहभागी होती. लवकर औषध सुरू केले तर जोडीदाराला बाधा होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये त्यातून दिसले. पुढच्या अभ्यासांतून असे पक्के झाले की ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही त्याच्यापासून शरीरसंबंधातून लागण होत नाही. आई औषधावर असेल आणि बाळालाही वेळेवर औषध मिळाले तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. विहीर, घागर, एका ताटातले जेवण यांतून तर हा विषाणू कधीच जात नव्हता.

किमतीचे सांगायचे राहिले. २००० च्या सुमारास तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी सीमेपलीकडच्या डॉक्टरांच्या संघटनेला हेच औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे तर ते बनवण्याच्या रीतीवर हक्क दिला होता, म्हणून हे शक्य झाले. आजच्या डोलुटेग्राव्हिरच्या गोळीसाठी गरीब देशांना २०१७ मध्ये ७५ डॉलरचा कमाल भाव ठरला आणि २०२३ मध्ये तो ४५ च्या खाली आला. साऱ्या जगात भाव वाढतात तिथे हा एक भाव उतरला. रुग्णाला मात्र सरकारी केंद्रात एक पैसाही पडत नाही. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, बाधा आढळली की लगेच औषध मिळते. पूर्वी पेशी खाली उतरेपर्यंत वाट पाहावी लागे. देशात सुमारे २५ लाख लोक या बाधेसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर या इंजेक्शनाचीही चर्चा आहे. २०२५ मध्ये त्याला बाधा टाळण्यासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. तोडणी कामगाराला त्याचा उपयोग केवढा, हे सांगायला नको. पण आज हाताशी आहे ती गोळीच.

टोळ्यांसाठी सर्वांत कामाची गोष्ट अशी : हिरवी पुस्तिका जवळ असेल तर हंगामापुरते औषध दुसऱ्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रातूनही मिळू शकते. निघण्याआधी आपल्या केंद्रात सांगावे. स्थिर रुग्णाला एकदम जास्त दिवसांचे औषधही देतात. नुसती चौकशी करायची तर १०९७ हा फोन फुकट आहे, नाव सांगावे लागत नाही.

आणि कायदा. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधेच्या कारणाने कोणाला कामावरून काढता येत नाही, कामासाठी तपासणीची अट घालता येत नाही, आणि संमतीशिवाय कोणाची बाधा दुसऱ्याला सांगता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. म्हणजे आम्ही ट्रॉलीशेजारी उभे राहून जे केले ते नुसते अडाणीपणाचे नव्हते.

त्या माणसाची आम्ही माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी मुद्दाम थोडंच केलं." बायको काही बोलली नाही. फडमालक सभासदांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, "तुम्ही म्हणता तर बरोबर असंल," म्हणाले, आणि तोडणी सुरू झाली. विहिरीचा दोर मात्र त्या हंगामात त्यांनी काही सोडला नाही. पाणी गटकार्यालयाच्या टँकरने गेले. दुसऱ्या मेहुण्याचे नाव आजतागायत टोळीत कोणाला कळलेले नाही. त्याची बाटली त्याच दिवशी केंद्रातून भरून मिळाली.

पुढच्या हंगामात करार करताना मुकादमाने विचारले, महिन्यातून एक दिवस दोन कोयते सुट्टीवर राहिले तर चालेल का? आम्ही कारण विचारले नाही. पुस्तकात तारीख टाकली आणि चिटबॉयला सांगितले, त्या दिवशी त्या टोळीला एक गाडी कमी लाव.